एक-सिलिकॉन : आवर्त सारणीतील रिक्त स्थाने व त्यांची संस्कृत नावे

एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्राची परिभाषा मुख्यतः ग्रीक व लॅटिन ह्या दोन भाषांच्या आधाराने घडली. मूलद्रव्यांची नावे, संयुगांची नावे, संयुगातील अणूंची संख्या सांगणारे उपसर्ग ह्या सर्वांवर त्याच दोन भाषांची छाप आहे. अशा परिभाषेत १८७१ साली सेंट पीटर्सबर्ग येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिमित्री इव्हानोविच मेंडेलीव्ह (१८३४–१९०७) यांनी तीन अपरिचित नावे प्रविष्ट केली : एक-बोरॉन, एक-ॲल्युमिनियम आणि एक-सिलिकॉन. ही नावे ज्या पदार्थांना दिली ते पदार्थ त्या वेळी कोणीही पाहिलेले नव्हते, आणि नावांतील पहिले पद संस्कृत होते.

ह्या घटनेचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो. परंतु तो बहुधा अभिमानाच्या स्वरूपाचा असतो. संस्कृत शब्द तेथे कोणत्या अर्थाने आला, त्याने परिभाषेतील कोणती उणीव भरून काढली आणि पुढील संशोधनावर त्याचा काय परिणाम झाला, हे प्रश्न मागे राहतात. प्रस्तुत निबंधात ह्याच प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

१. सारणीपूर्वीची स्थिती

१८६० च्या सप्टेंबर महिन्यात कार्लस्रूए येथे युरोपातील रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. मेंडेलीव्ह व लोथर मायर हे दोघेही तीत उपस्थित होते. तोपर्यंत एकाच मूलद्रव्याचा अणुभार निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळा मानला जात असे. इटालियन शास्त्रज्ञ स्तानिस्लाओ कानिझारो यांनी ॲव्होगाड्रोच्या गृहीतकाच्या आधारे अणुभार ठरविण्याची जी सुसंगत रीत मांडली, तिचा प्रभाव ह्या परिषदेनंतर सर्वत्र पडला. अणुभार विश्वसनीय झाल्याखेरीज त्यांच्या क्रमाला अर्थ येणे शक्य नव्हते. म्हणून आवर्ती नियमाचा इतिहास ह्या परिषदेपासून सुरू करणे सयुक्तिक ठरते.

मूलद्रव्यांत काही कुटुंबे आहेत ही जाणीव मात्र त्याहून जुनी होती. योहान डोबेरायनर यांनी शतकाच्या पूर्वार्धातच सदृश मूलद्रव्यांची त्रिके दाखविली होती. लिथियमचा अणुभार ७, पोटॅशियमचा ३९; त्यांची सरासरी २३, आणि तोच सोडियमचा अणुभार. १८६२ मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक द शांकुर्त्वा यांनी अणुभारांच्या क्रमाने मूलद्रव्ये एका दंडगोलावरील सर्पिल रेषेवर मांडली. १८६५ मध्ये इंग्लंडमधील जॉन न्यूलँड्स यांनी प्रत्येक आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचे गुण पुन्हा दिसतात असे प्रतिपादन केले व त्यास संगीतातील सप्तकाची उपमा दिली. पुढील वर्षी लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यांनी हा विचार मांडला, तेव्हा एका सभासदाने, मूलद्रव्ये त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांनुसार लावून पाहिली आहेत काय, असा उपरोधिक प्रश्न केला.

ह्या उपरोधात भाषेच्या अभ्यासकाला लक्षणीय असे काही आहे. प्रश्नकर्त्याच्या दृष्टीने वर्णानुक्रम म्हणजे केवळ रूढीने ठरलेला, अंतर्गत कारण नसलेला क्रम. रोमन लिपीपुरते ते खरेच आहे. तीत 'ए' नंतर 'बी' का यावी ह्याला ध्वनिविषयक कारण नाही. भारतीय वर्णमालेचे तसे नाही. क, ख, ग, घ, ङ हे एका ओळीत येतात ते उच्चारस्थान एक असल्यामुळे. आणि क, च, ट, त, प हे एका स्तंभात येतात ते प्रयत्न समान असल्यामुळे. पंचवीस स्पर्शवर्णांपैकी प्रत्येकाचे स्थान दोन दिशांनी निश्चित झालेले आहे. ङ आणि ञ ह्यांचा स्वतंत्र उपयोग मराठीत जवळजवळ नाही, तरीही वर्णमालेतील त्यांची जागा कोणी काढून टाकत नाही. कारण ती जागा वापराने नव्हे, रचनेने सिद्ध झालेली आहे. क्रम हा रूढीचा असू शकतो, तसाच तो कारणाचाही असू शकतो. न्यूलँड्स यांच्या श्रोत्यांना जो भेद जाणवला नाही, तो हाच.

२. रिक्त स्थान आणि त्याचे नाव

मेंडेलीव्ह यांनी आपली पहिली सारणी १८६९ च्या प्रारंभी तयार केली. त्या वेळी ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती, आणि 'रसायनशास्त्राची मूलतत्त्वे' ह्या आपल्या पाठ्यग्रंथात त्यांची संगती कशी लावावी हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांच्या टिपणांवरून त्यांच्या विचाराची वाट दिसते. एकमेकांपासून अत्यंत भिन्न अशी दोन कुटुंबे, हॅलोजने व अल्कली धातू, त्यांनी शेजारी ठेवली : फ्लुओरीन १९ व सोडियम २३, क्लोरीन ३५.५ व पोटॅशियम ३९. ब्रोमीन ८० व रुबिडियम ८५. आयोडीन १२७ व सीझियम १३३. विसदृश कुटुंबांतील हे अंतर सर्वत्र लहान व जवळजवळ सारखे आहे, असे दिसताच कुटुंबांची यादी ही कुटुंबांची रचना बनली.

ह्या रचनेचे वैशिष्ट्य असे की तीत काही घरे मोकळी राहिली. पूर्वीच्या मांडणीकारांना मोकळे घर हा दोष वाटे. न्यूलँड्स यांनी आपल्या मांडणीत रिकाम्या जागा न ठेवल्याने विसंगत मूलद्रव्ये एका घरात आली. मेंडेलीव्ह यांनी उलट मार्ग घेतला. ज्ञात पदार्थांपैकी एखादा पदार्थ त्या घराच्या गुणांशी जुळत नसेल, तर घर रिकामे ठेवावे, पण नियम मोडू नये. जेथे अणुभारच चुकीचा आहे असे त्यांना वाटले, तेथे त्यांनी अणुभार बदलला. युरेनियमचा १२० हा प्रचलित अणुभार दुप्पट करून त्यांनी २४० केला. बेरिलियम १४ नसून ९ आहे आणि इंडियम ७५ च्या जवळपास नसून ११३ आहे, असे त्यांनी धरले. पुढील मोजमापांनी ह्या तिन्ही दुरुस्त्या मुख्यतः बरोबर ठरविल्या.

मोकळ्या घराचे गुण काढण्याची रीत साधी होती. कोणत्याही मूलद्रव्याला सारणीत वर, खाली, डावीकडे व उजवीकडे असे चार शेजारी असतात. त्यांच्या गुणांची सरासरी त्या मूलद्रव्याच्या गुणाजवळ येते. सेलेनियमचे उदाहरण घ्यावे. त्याच्या वर गंधक (३२), खाली टेल्युरियम (सुमारे १२७.६), डावीकडे आर्सेनिक (सुमारे ७५) आणि उजवीकडे ब्रोमीन (सुमारे ८०). चौघांची सरासरी सुमारे ७८.६ येते, सेलेनियमचा मापलेला अणुभार जवळजवळ ७९ आहे. जे ज्ञात मूलद्रव्याविषयी पडताळून पाहता येते, तेच अज्ञाताविषयी भाकीत म्हणून सांगता येईल, हा मेंडेलीव्ह यांचा युक्तिवाद होय.

१८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत निबंधात त्यांनी ही भाकिते तपशिलाने दिली आणि त्यासाठीच नावांची योजना केली. अज्ञात मूलद्रव्यांना नवी नावे न देता, त्यांच्या गणातील जवळच्या हलक्या सजातीय मूलद्रव्याच्या नावाला संस्कृत संख्याशब्द जोडावयाचा, अशी ती योजना. सिलिकॉनच्या पुढचे पहिले घर एक-सिलिकॉन. एक घर सोडून पुढचे असेल तर द्वि. त्याहून पुढे त्रि.

हे नाव संबंधवाचक आहे, व्यक्तिवाचक नव्हे. आपल्याकडे बारसे होईपर्यंत घरातील अर्भक 'अमकीचे बाळ' म्हणूनच ओळखले जाते. त्याची ओळख कुटुंबातील त्याच्या स्थानावरून होते. एक-सिलिकॉन हे नाव त्या प्रकारचे आहे. फरक इतकाच की येथे बाळ जन्मण्यापूर्वीच त्याचे नाते निश्चित झाले होते.

ह्या नावांत सारणीच्या जुन्या रूपाचा अवशेषही टिकून आहे. आजच्या अठरा स्तंभांच्या सारणीत गॅलियम ॲल्युमिनियमच्या खाली आणि जर्मेनियम सिलिकॉनच्या खाली आहे. परंतु एक-बोरॉन ठरलेले स्कँडियम बोरॉनच्या खाली नाही. मेंडेलीव्ह यांची सारणी आठ गणांची असून तीत सम व विषम ओळी एकाआड एक येत. बोरॉन सम ओळीत, ॲल्युमिनियम विषम ओळीत. म्हणून पुढच्या सम ओळीतील घर बोरॉनच्या नावाने व त्यानंतरच्या विषम ओळीतील घर ॲल्युमिनियमच्या नावाने ओळखले गेले. सारणीची रचना बदलली, तरी नावाने तिची स्मृती जपून ठेवली.

३. भाकितांची कसोटी

१८७५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लकॉक द ब्वाबोद्रां यांना पिरेनीज पर्वतातील एका खाणीच्या जस्तखनिजात नव्या वर्णरेषा दिसल्या. त्यांनी नव्या धातूला गॅलियम हे नाव दिले. एक-ॲल्युमिनियमचा शोध वर्णपटाच्या साहाय्याने लागण्याचा संभव आहे, असे मेंडेलीव्ह यांनी आधीच म्हटले होते. ब्वाबोद्रां यांनी प्रथम घनता ४.७ दिली, मेंडेलीव्ह यांच्या गणितानुसार ती ५.९ च्या जवळ असावयास हवी होती. त्यांनी नमुना शुद्ध करून पुन्हा मापन करावे असे सुचविले, आणि दुसऱ्या मापनात घनता ५.९ आली. ज्याने पदार्थ हाती घेतला होता त्याच्या मापनाला, ज्याने तो कधी पाहिला नव्हता त्याच्या सारणीने दुरुस्त केले.

१८७९ मध्ये स्वीडनच्या लार्स निल्सन यांनी स्कँडियम शोधले आणि पेर क्लेव्ह यांनी त्याची एक-बोरॉनशी एकरूपता दाखविली. भाकीत अणुभार ४४ होता. आजचा मान्य अणुभार ४४.९६ आहे. तिसरे भाकीत सर्वांत समृद्ध व म्हणून सर्वांत धोक्याचे होते. १८८६ मध्ये फ्रायबर्गच्या क्लेमेन्स विंक्लर यांना आर्जिरोडाइट नावाच्या खनिजाचे विश्लेषण करताना घटकांची बेरीज सुमारे सात टक्क्यांनी कमी भरत असल्याचे आढळले. ह्या तुटीचा शोध घेताना जर्मेनियम हाती लागले. एक-सिलिकॉनचा अणुभार ७२ सांगितला होता, विंक्लर यांना तो ७२.३ मिळाला, घनता ५.५ सांगितली होती, ती ५.४७ निघाली, ऑक्साइडची घनता ४.७ हे भाकीत व मापन दोन्हींत एकच आले. क्लोराइडचा उकळबिंदू शंभर अंशांच्या थोडा खाली सांगितला होता, तो ८६ अंश ठरला.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जर्मेनियमची प्रथम वार्ता येताच त्याचे स्थान कोणालाच खात्रीने सांगता आले नाही. विंक्लर यांनी ते अँटिमनी व बिस्मथ ह्यांच्या मधले मानले. खुद्द मेंडेलीव्ह यांना ते कॅडमियमच्या पुढचे वाटले. ते एक-सिलिकॉन असल्याचे दुसऱ्यांनी सुचविले आणि गुण मोजल्यावर ते सिद्ध झाले. तात्पर्य, सारणी ही पदार्थ पाहताच ओळख पटविणारी दिव्यदृष्टी नव्हती. ती मोजमापाने तपासता येईल असा दावा करीत होती, आणि तिचे शास्त्रीय सामर्थ्य ह्यातच होते.

बारसे झाल्यावर नावांचा प्रकार पालटला. गॅलियम हे गॉल देशावरून, स्कँडियम स्कँडिनेव्हियावरून, जर्मेनियम जर्मनीवरून आले. १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाची स्मृती ताजी असताना दोन राष्ट्रांची नावे सारणीत इतक्या जवळच्या घरांत बसावीत, हे त्या काळास साजेसेच होते. नात्याने सांगितलेले नाव गेले आणि अभिमानाने सांगितलेले नाव राहिले.

भाषाविज्ञानात ह्या प्रकारच्या भाकिताचे एक समांतर उदाहरण आहे. स्कँडियमचा शोध लागला त्याच सुमारास, १८७८ च्या अखेरीस, तरुण फेर्दिनां द सोस्यूर यांनी आद्य इंडो-युरोपीय स्वरव्यवस्थेवरील आपल्या प्रबंधात, कोणत्याही ज्ञात भाषेत प्रत्यक्ष न आढळणारे काही स्वनघटक केवळ रचनेच्या आधारे गृहीत धरले. पुढे हित्ती भाषेचे वाचन झाल्यावर १९२७ मध्ये कुरिलोविच यांनी त्या भाषेतील एक व्यंजन नेमके त्या रिक्त स्थानी येत असल्याचे दाखविले. दोन्ही ठिकाणी घटकाचे अस्तित्व त्याच्या शेजाऱ्यांवरून अनुमानित झाले, आणि दोन्ही ठिकाणी पुरावा बाहेरून यावा लागला.

४. संस्कृतच का?

मेंडेलीव्ह यांनी संस्कृत संख्याशब्दच का निवडले, ह्याविषयी एक प्रसिद्ध मत असे की त्यामागे पाणिनीचा प्रभाव आहे. सुभाष काक व पॉल किपार्स्की यांच्या लेखनामुळे ह्या मताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. पूर्वपक्ष असा : सेंट पीटर्सबर्ग हे त्या काळी संस्कृत अध्ययनाचे मोठे केंद्र होते. तेथील विज्ञान अकादमीने ओटो बोटलिंक व रुडॉल्फ रोट यांचा सप्तखंडात्मक संस्कृत-जर्मन कोश १८५५ ते १८७५ ह्या काळात प्रसिद्ध केला. बोटलिंक यांनी पाणिनीची अष्टाध्यायी १८३९–४० मध्येच संपादित केली होती. शिवसूत्रांतील व वर्णमालेतील ध्वनींची द्विदिश मांडणी मेंडेलीव्ह यांच्या कानी आली असेल आणि संस्कृत उपसर्ग ही त्या ऋणाची पोचपावती असेल.

हा पूर्वपक्ष आकर्षक आहे. परंतु तो तपासताना तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, बोटलिंक १८६८ मध्ये येना येथे जाऊन राहिले. म्हणजे सारणी तयार होण्यापूर्वीच त्यांचे वास्तव्य पीटर्सबर्गमध्ये नव्हते. ह्यावरून पूर्वपरिचय असंभवनीय ठरत नाही, पण ऐन वेळच्या सहवासाची कल्पना टिकत नाही. दुसरी, संस्कृत संख्याशब्द कळण्यास बोटलिंक यांची गरजही नव्हती. मेंडेलीव्ह ज्या विद्यापीठात शिकवीत, तेथे पौर्वात्य भाषांची स्वतंत्र शाखा १८५५ पासून होती व संस्कृतचे अध्यापन चालू होते. तुलनात्मक भाषाशास्त्राच्या त्या युगात एक, द्वि, त्रि हे शब्द सुशिक्षित युरोपीयाला अपरिचित नव्हते.

तिसरी गोष्ट भाषिक आहे आणि ती निर्णायक वाटते. संस्कृत समासात संख्याशब्द पूर्वपदी आला की तो मोजदाद सांगतो. द्विपद म्हणजे दोन पायांचा, त्रिलोक म्हणजे तीन लोकांचा समाहार. व्याकरणात ह्यातील समाहाराला द्विगू अशी संज्ञा आहे. क्रम सांगावयाचा तर प्रथम, द्वितीय, तृतीय असे पूरणवाचक शब्द घ्यावे लागतात. मेंडेलीव्ह यांना अभिप्रेत असलेला अर्थ 'सिलिकॉननंतरचे पहिले' असा क्रमवाचक आहे. तरीही त्यांनी घेतलेला शब्द संख्यावाचक आहे. पाणिनीय परंपरेशी निकट परिचय असलेल्या लेखकाकडून, किंवा तशा पंडिताच्या सल्ल्याने, हा प्रयोग झाला असता असे मानणे कठीण आहे. हा उपयोग व्याकरणाचा नसून अंकगणिताचा आहे.

मग संस्कृतचे प्रयोजन काय? ह्याचे उत्तर परिभाषेच्या गरजेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. ग्रीक संख्याशब्द रसायनशास्त्रात आधीच गुंतलेले होते. कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डाय-ऑक्साइड ह्या नावांत ते अणूंची संख्या सांगतात. 'डाय-सिलिकॉन' असे नाव दिले असते, तर सिलिकॉनचे दोन अणू असाच अर्थ झाला असता. लॅटिन 'बाय' चीही तीच गत होती. बायकार्बोनेटसारख्या नावांत तो रुजलेला होता. अज्ञात मूलद्रव्याच्या नावात संयुगाचा भास होणे हा परिभाषेचा घातच. म्हणून संख्या सांगणारी, परंतु रसायनशास्त्रात कोणताही पूर्वार्थ न चिकटलेली भाषा हवी होती. संस्कृत ही ग्रीक-लॅटिनची भगिनी म्हणून विद्वन्मान्य होती आणि रसायनशास्त्रात कोरी होती. मेंडेलीव्ह यांनी हे कारण शब्दांत मांडलेले नाही. हे अनुमान आहे. पण ते नावाच्या प्रत्यक्ष उपयोगाशी जुळते, आणि सिद्ध करता न येणाऱ्या कोणत्याही भेटीची त्याला आवश्यकता नाही.

वर्णमाला व आवर्त सारणी ह्यांतील साम्य म्हणून खोटे ठरत नाही. दोन्ही रचना द्विदिश आहेत व दोन्हींत स्थान हीच घटकाची ओळख आहे. मात्र साम्य म्हणजे ऋण नव्हे. हॅलोजने व अल्कली धातू शेजारी ठेवणारी ती टिपणे मेंडेलीव्ह यांची वाट रसायनातून गेल्याचे सांगतात.

५. प्रवृत्तींचे कारण

रिक्त स्थानांची भाकिते खरी ठरली, तरी ती का खरी ठरावीत हे १८७१ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. अणुभाराचा क्रम काही ठिकाणी मोडतही होता. टेल्युरियमचा अणुभार १२७.६, आयोडीनचा १२६.९; गुणांनुसार मात्र टेल्युरियम आधी यावयास हवे. मेंडेलीव्ह यांनी टेल्युरियमचा अणुभार चुकीचा मोजला गेला आहे असे मानले, आणि येथे त्यांचा अंदाज चुकला. आर्गॉन व पोटॅशियम, कोबाल्ट व निकेल ह्या जोड्यांतही हाच व्युत्क्रम आहे.

१९१३–१४ मध्ये हेन्री मोझली यांनी मूलद्रव्यांचे क्ष-किरण वर्णपट मापले. वारंवारतेचे वर्गमूळ प्रत्येक पुढील मूलद्रव्याबरोबर समान पायरीने वाढते असे त्यांना आढळले. ही पायरी म्हणजे अणुकेंद्रावरील एक एकक विद्युत्भार. क्रम भाराचा नसून अणुक्रमांकाचा आहे हे स्पष्ट झाले : टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. आता रिक्त स्थाने मोजताही येऊ लागली. ४३, ६१ व ७५ ही घरे मोकळी होती. १९१५ च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीच्या रणभूमीवर मोझली मारले गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते.

पुढील दशकात इलेक्ट्रॉनांच्या कवचरचनेचे ज्ञान झाले आणि आवर्तांच्या २, ८, ८, १८, १८, ३२ ह्या लांबींचा उलगडा झाला. एका आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्राचा भार वाढतो, पण नवे इलेक्ट्रॉन त्याच बाह्य कवचात भरतात. म्हणून अणू आकुंचित होतो व त्यातून इलेक्ट्रॉन काढणे अधिकाधिक कठीण होते. लिथियमची आयनीभवन ऊर्जा ५.३९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, निऑनची २१.५६. गणात खाली उतरताना नवे कवच वाढते, अणू मोठा होतो आणि ही ऊर्जा घटते : सोडियम ५.१४, पोटॅशियम ४.३४, रुबिडियम ४.१८, सीझियम ३.८९. आवर्तातील चढण सरळ नसते. नायट्रोजनची ऊर्जा १४.५३ असता पुढच्या ऑक्सिजनची १३.६२ आहे, कारण ऑक्सिजनमध्ये प्रथमच एका p-कक्षकात दोन इलेक्ट्रॉन जोडीने राहतात व परस्परांना दूर लोटतात.

ह्या प्रवृत्तींच्या प्रकाशात एक-ॲल्युमिनियमकडे पुन्हा पाहिले, तर एक गंमत आढळते. गणात खाली जाताना ऊर्जा घटावी ह्या नियमाप्रमाणे बोरॉन ८.३० व ॲल्युमिनियम ५.९९ नंतर गॅलियमची ऊर्जा कमी असावयास हवी, ती ६.०० आहे. गॅलियमपूर्वी दहा संक्रमण मूलद्रव्ये येतात. त्यांच्यात भरलेले आतले इलेक्ट्रॉन केंद्राचा भार पुरेसा झाकीत नाहीत, त्यामुळे गॅलियमचा अणू अपेक्षेहून लहान राहतो. झिर्कोनियम व हाफ्नियम ह्यांच्यात तर चौदा लँथनाइडांच्या आकुंचनामुळे आकाराचा भेदच उरला नाही. त्यांच्या धातू-त्रिज्या अनुक्रमे सुमारे १६० व १५९ पिकोमीटर आहेत. १९२३ मध्ये कॉस्टर व हेव्हेशी यांनी कोपनहेगन येथे हाफ्नियम शोधले ते झिर्कोनियमच्या खनिजांतच. शेजाऱ्यांवरून अनुमान ही रीत चालते ती शेजारी एकाच जातीचे असतात तोवर. मध्ये नवी ओळ शिरली की ती तिरकी चालू लागते.

६. नाव जेव्हा वाट चुकविते

'एक' हा उपसर्ग मेंडेलीव्ह यांच्यानंतरही प्रचारात राहिला. ४३ व्या घराला एक-मँगॅनीज व ७५ व्या घराला द्वि-मँगॅनीज म्हणत. दुसरे १९२५ मध्ये ऱ्हेनियम म्हणून सापडले. पहिले मात्र निसर्गात हाती लागले नाही. १९३७ मध्ये पेरिएर व सेग्रे यांनी सायक्लोट्रॉनमध्ये भडिमार झालेल्या मॉलिब्डेनममधून ते वेगळे केले आणि कृत्रिम ह्या अर्थाचे टेक्नेशियम हे नाव त्याला मिळाले. १९३७ मध्येच ढाका येथे राजेंद्रलाल दे यांनी एक-आयोडीन मिळाल्याचा दावा करून 'डाकिन' असे नाव सुचविले होते. तो दावा टिकला नाही. १९४० मध्ये बर्कले येथे निर्माण झालेले ॲस्टेटीन हे ते मूलद्रव्य होय.

ह्या उपसर्गाचा सर्वांत बोधप्रद अध्याय १९३४ ते १९३८ ह्या काळातला आहे. युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला असता नव्या किरणोत्सर्गी पदार्थांचे अस्तित्व दिसू लागले. ऑटो हान, लिझे माइटनर व फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी त्यांना एक-ऱ्हेनियम, एक-ऑस्मियम, एक-इरिडियम, एक-प्लॅटिनम अशी नावे दिली. युरेनियम टंगस्टनच्या खाली येते, तेव्हा ९३ वे ऱ्हेनियमच्या खाली, ९४ वे ऑस्मियमच्या खाली, असा त्यामागचा तर्क. नावातच स्थान गृहीत धरले होते, आणि स्थानातच रासायनिक गुण. पदार्थ त्या गुणांप्रमाणे वागल्यासारखे दिसले, म्हणून ते युरेनियमपलीकडचेच असले पाहिजेत असा समज दृढ झाला. अधिक हलक्या मूलद्रव्यांची शक्यता तपासावी, असे इडा नोडाक यांनी १९३४ मध्येच सुचविले होते. त्याकडे दुर्लक्ष झाले. १९३८ च्या अखेरीस हान व स्ट्रासमान यांना मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम आढळले, आणि युरेनियमचे केंद्रच दुभंगते हे उमगले. तथाकथित एक-ऱ्हेनियम व त्याचे बंधू हे बहुतांशी त्या भंगाचे तुकडे होते.

चूक सारणीच्या तत्त्वात नव्हती. ती ह्या समजुतीत होती की सातवी ओळ सहाव्या ओळीच्या संक्रमण मूलद्रव्यांप्रमाणेच चालेल. ग्लेन सीबॉर्ग यांनी १९४४–४५ मध्ये ॲक्टिनाइडांची स्वतंत्र मालिका मांडून ही समजूत दूर केली. खरे ९३ वे मूलद्रव्य नेप्च्युनियम १९४० मध्ये मिळाले होते, आणि त्याचे गुण ऱ्हेनियमसारखे नव्हते.

पुढे १९७८ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने अज्ञात मूलद्रव्यांसाठी निराळी पद्धती ठरविली. तीत ग्रीक व लॅटिन मुळांचे मिश्रण करून अणुक्रमांकाच्या एकेका अंकाचा उच्चार केला जातो. हे नाव नात्याचे नसून घरक्रमांकाचे आहे. ते गुणांविषयी काहीच सांगत नाही, म्हणून त्यात चुकण्यासारखेही काही नाही. २०१६ मध्ये ११३, ११५, ११७ व ११८ ह्या घरांना कायमची नावे मिळून सातवे आवर्त पूर्ण झाले. तथापि अतिजड मूलद्रव्यांचे अभ्यासक अजूनही 'एक-शिसे' असे म्हणतात. त्यात आता प्रश्न गर्भित असतो : ११४ वे मूलद्रव्य, फ्लेरोव्हियम, खरोखर शिशासारखे वागते काय? प्रयोग सांगतात की ते शिशाहून पुष्कळ अधिक बाष्पनशील आहे. केंद्राचा भार फार वाढला की आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या लक्षणीय अंशाएवढा होतो आणि गणातील साम्य शिथिल होते.

उपसंहार

एक-सिलिकॉन व एक-ऱ्हेनियम ही एकाच घडणीची दोन नावे आहेत. पहिल्याने एका शास्त्राला आत्मविश्वास दिला, दुसऱ्याने काही काळ त्याची वाट अडविली. संबंधवाचक नाव हे लहान रूपातील सिद्धांत असते. ते उच्चारताच एक दावा केला जातो. तो दावा मोजमापापुढे उभा केला की नाव फलदायी ठरते. तो सिद्ध आहे असे मानून पुढे चालले की तेच नाव दृष्टी झाकते.

संस्कृतच्या वाट्याला ह्या इतिहासात जे आले, त्याचे मूल्यमापनही ह्याच न्यायाने व्हावे. पाणिनीने आवर्त सारणीला जन्म दिला असे दाखविणारा पुरावा उपलब्ध नाही, आणि साम्याला पुराव्याची जागा देणे म्हणजे एक-ऱ्हेनियमचीच पुनरावृत्ती होय. जे निश्चित आहे ते ह्याहून लहान, पण टिकाऊ आहे. जे अजून कोणी पाहिलेले नाही, पण ज्याची जागा ठरलेली आहे, अशा वस्तूला नाव देण्याची वेळ आली तेव्हा रसायनशास्त्राच्या रूढ भाषांत मोकळा शब्द नव्हता. तो संस्कृतात मिळाला. दीडशे वर्षांनंतरही तो शब्द प्रयोगशाळेत उच्चारला जातो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ एकच असतो : येथे काही असले पाहिजे, ते आहे का, ते पाहावे.